उतार हवा, उपकार नको

'आता कुठं जायचंय? घरी बसून देवाचं नाव घ्यावं', असा सल्ला आपल्याकडे दोन प्रकारच्या बायकांना हमखास मिळतो. एक वयानं थकलेली आणि दुसरी पायानं अधू असलेली. पहिलीला तो साठी उलटल्यावर मिळतो, दुसरीला मात्र सातव्या-आठव्या वर्षापासूनच मिळायला लागतो. शाळेची सहल निघाली, 'तू घरी थांब'. मामाच्या गावाला लग्न निघालं, 'तुझे हाल होतील'. तुळजापूर, जेजुरी, सप्तशृंगी, 'तिथं केवढ्या पायऱ्या गं बाई'. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, काळजीच असते. पण चाळीस-पन्नास वर्षं ही काळजी ऐकता ऐकता एका बाईचं सगळं आयुष्य चार भिंतींच्या आत निघून जातं, त्याचं काय?

माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं, यांच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं आहे. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तालुक्याच्या गावात डोस घरोघरी येत नव्हते. (आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो २०१४ साली, हे आजच्या तरुण आयांना सांगायला हवं.) वन्सं आधी कॅलिपर लावून चालायच्या, गेली बारा वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहेत. शिलाई मशीनला पायट्याऐवजी मोटर बसवून त्यांनी ब्लाउज शिवायला सुरुवात केली आणि आज आमच्या गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे ब्लाउज त्यांच्या हातचे असतात. स्वतःची मिळकत, स्वतःचं बँकेचं पुस्तक. फक्त बँकेत त्या कधी गेल्या नव्हत्या. बँकेला पाच पायऱ्या आहेत. सही करायचे कागद घरी यायचे.

माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा लंडनला नोकरी करतो. 'आत्या, तू ये. इथं तुला जमेल', असं तो तीन वर्षं फोनवर म्हणत होता. २०२४ च्या मे महिन्यात अखेर आम्ही दोघी निघालो. तिकीट वन्संनी स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून काढलं, हे मुद्दाम सांगते. कारण निघायच्या आधी भावकीतून जे आहेर मिळाले त्यांत 'भावांच्या पैशांवर चैन' हाही एक होता. दुसरा होता, 'खुर्चीत बसून काय लंडन बघणार? फोटोत बघितलं तरी तेच'. माझा आजचा सगळा लेख या दुसऱ्या वाक्याला उत्तर आहे.

लंडनची बस आली. ती लाल, दुमजली, सिनेमात दिसते तीच. थांब्यावर ती कडेला झुकून थोडी खाली बसली, अगदी उंटानं बसावं तशी. मधल्या दाराजवळ बाहेरच्या अंगाला चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं निळं बटण होतं. भाच्यानं वन्संनाच ते दाबायला सांगितलं. आतून एक फळी सरकत बाहेर आली आणि फुटपाथला टेकली. वन्सं आपल्या हातानं चाकं ढकलत आत गेल्या. आत खुर्चीसाठी मोकळी जागा, मागे टेकायला गादीची पाट. बसच्या मागच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, म्हणजे ब्रेक लागला तरी खुर्ची पुढे जात नाही. हाताशी पुन्हा निळं बटण, उतरायच्या आधी दाबायचं. पुढचा थांबा कुठला ते आवाजात सांगितलं जातं आणि पाटीवर दिसतंही. म्हणजे न दिसणाऱ्याची सोय आणि न ऐकू येणाऱ्याचीही. आणि तिकीट? चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला लंडनच्या बसमध्ये तिकीटच नाही. ती तिथली रहिवासी असो की आमच्या तालुक्यातली.

या सगळ्याला मिनिटभर लागला असेल. बसमधल्या कुणी मान वर करून पाहिलं नाही. कुणी 'अरेरे' केलं नाही. कुणी आपल्या पोराला 'बघ, देवानं तुला पाय दिलेत' म्हणून दाखवलं नाही. मला वाटतं, वन्संना फळीपेक्षाही या न बघण्याचं अप्रूप जास्त वाटलं असावं.

आणखी एक. जाताना एका विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं होतं, 'यांचं नाव काय? यांना समजतं का? कुठं दुखतंय का?' वन्संच्या तोंडासमोर! आपल्याकडे हे नेहमीचं. पाय अधू असले की बोलणं, ऐकणं आणि अक्कल हीही अधू असणार असं लोक धरून चालतात आणि सोबतच्या माणसाशी बोलतात. लंडनच्या बसचालकानं मात्र आरशातून वन्संकडे बघून त्यांनाच विचारलं, कुठं उतरणार. वन्संचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. पण त्यांनी थांब्याचं नाव सांगितलं आणि त्याला ते कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी वन्सं मला म्हणाल्या, 'आज तू घरी आराम कर. मी एकटी जाऊन येते.' तिथं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाचं मोठं म्युझियम आहे, प्रवेश फुकट. आपल्याकडच्या जुन्या कापडांचा, भरतकामाचा आणि छिटांचा फार मोठा साठा तिथं आहे. इंग्रजांनी काय काय नेलं याचा हिशोब वेगळा, पण कापडात जन्म घालवलेल्या बाईला ते बघायचं होतं आणि माझ्या लुडबुडीशिवाय बघायचं होतं. घराजवळून थेट बस होती. मी थांब्यापर्यंत गेले. फळी आली, वन्सं चढल्या, दार लागलं, बस गेली.

एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात सोबत कुणी नसताना त्यांनी केलेला हा पहिला प्रवास. मैत्रिणींनो, आपण चौथीत असताना एकटीनं किराणा आणायला गेलो तेव्हा आपल्याला जे मिळालं, ते त्यांना एक्कावन्नाव्या वर्षी, सात समुद्रांपलीकडे मिळालं. संध्याकाळी परतल्या तेव्हा म्युझियमबद्दल त्या कमीच बोलल्या. चुकीच्या थांब्यावर उतरल्या, मग एका माणसाला विचारलं, मग कॉफी घेतली आणि ती कडू होती, हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. रस्ता चुकायचीसुद्धा हौस असते, ती आपल्याला फुकट मिळते म्हणून कळत नाही.

त्या दिवशी घरात एकटी बसल्यावर माझ्या मनात दुसराच विचार आला. घरातल्या अपंग माणसाच्या बाहेर जाण्यासाठी दर वेळी एक सोबत लागते. ती सोबत कोण असते? आई, बहीण, बायको, भावजय, सून. बसला पायऱ्या असल्या की त्या एका बाईला अडवत नाहीत, दोघींना अडवतात. एकीला चढता येत नाही आणि दुसरीला तिला सोडून जाता येत नाही. मी सामाजिक कामाच्या निमित्तानं वस्त्यांवर जाते तिथं मतिमंद, अंध, पाय नसलेल्या मुलांच्या आया भेटतात. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या आया. त्यांची कंबर गेलेली असते, नोकरी सुटलेली असते, माहेर तुटलेलं असतं. त्यागाची मूर्ती म्हणून आपण त्यांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. त्यापेक्षा बसची पायरी खाली आणली तर त्या मूर्तीला जरा माणूस होता येईल.

आता कुणी म्हणेल, गोऱ्यांचं काय सांगता, त्यांच्याकडे पैसा आहे, शिस्त आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण तिथली माहिती वाचली तर वेगळंच कळतं. या सोयी तिथंही कुणी आपणहून दिल्या नाहीत. १९९० च्या दशकात लंडनच्या रस्त्यांवर अपंग माणसांनी स्वतःला साखळ्यांनी बसला बांधून घेतलं, वाहतूक अडवली, अटका करून घेतल्या. त्याच्याही आधी, १९७८ च्या जुलै महिन्यात, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग माणसांनी भर चौकात बसच्या पुढे-मागे खुर्च्या लावून त्या अडवून धरल्या होत्या. रात्र त्यांनी रस्त्यावरच काढली. अमेरिकेचा मोठा कायदा १९९० साली झाला, ब्रिटनचा १९९५ साली. भाषा वेगळी, पण सत्याग्रह म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

लंडनच्या जुन्या लाल बसला मागे उघडा दरवाजा आणि पायरी असायची. पळत येऊन लोक चढायचे. फार लाडकी बस. ती २००५ च्या डिसेंबरात नेहमीच्या मार्गांवरून निघाली तेव्हा लोक हळहळले, शेवटच्या फेरीला गर्दी झाली. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसानं त्या लाडक्या बसमध्ये कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. आता तिथली प्रत्येक नेहमीची बस खालच्या तळाची आहे. काळ्या टॅक्सी तर २००० सालापासून सगळ्याच खुर्ची आत घेणाऱ्या आहेत, आणि खुर्ची आहे म्हणून जादा भाडं घ्यायला कायद्यानं बंदी आहे.

तिथं सगळा स्वर्गच आहे असं मात्र नाही. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झालेली, जगातली सगळ्यात जुनी. तिची २७२ स्टेशनं आहेत आणि त्यातल्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त ठिकाणीच पायऱ्यांशिवाय जाता येतं. नकाशावर तशा स्टेशनांपुढे खुर्चीचं चिन्ह असतं. निळं असेल तर रस्त्यापासून गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही, पांढरं असेल तर फक्त फलाटापर्यंत. हा फरक आधी समजून घ्यावा लागतो, नाहीतर फलाटावर पोचून डब्याकडे बघत बसायची वेळ येते. उलट २०२२ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या, म्हणजे ४१, स्टेशनांवर पायरीविना फलाटावर जाता येतं. म्हणजे जुनं दुरुस्त करायला फार पैसे आणि वर्षं लागतात, नवं बांधताना मात्र आधीच विचार केला तर सोपं जातं. गावोगावी नवी बसस्थानकं, नवी रुग्णालयं आणि नव्या कचेऱ्या बांधत असलेल्या आपल्याला यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसरी अडचण आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याची आहे. एकदा आमची बस आली, पण खुर्चीच्या जागेत आधीच दोन बाबागाड्या होत्या. एकीतलं बाळ गाढ झोपलेलं. चालकानं विनंती केली, एकीनं गाडी मिटवली, दुसरीनं मान हलवली. आम्ही पुढच्या बसनं गेलो. याच प्रश्नावर तिथं मोठा खटला झाला होता. डग पॉली नावाचे गृहस्थ २०१२ साली वेदरबीहून लीड्सला निघाले होते. झोपलेल्या बाळाच्या आईनं जागा सोडली नाही, म्हणून त्यांना बसमध्ये चढता आलं नाही. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की, नुसती विनंती करून चालकाची जबाबदारी संपत नाही, कारण नसताना कुणी हटत नसेल तर त्यानं आणखी प्रयत्न करायला हवेत. मात्र त्या बाईला खाली उतरवलंच पाहिजे, असं काही न्यायालय म्हणालं नाही.

हा निकाल वाचून आधी मला त्या आईची बाजू पटत होती. तान्हं झोपलेलं उठवायचं म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. पण विचार केल्यावर वाटतं, बाळाची गाडी मिटवता येते, माणसाची खुर्ची मिटवता येत नाही. आणि ती जागा मुळात मिळाली ती खुर्चीवाल्यांनी साखळ्या बांधून घेतल्या म्हणून. बाबागाड्यांची सोय झाली ती त्यांच्या पुण्याईवर. म्हणून पहिला मान खुर्चीचा. पण एका चौकोनासाठी दोन अडलेल्या बायकांनी एकमेकींशी भांडावं आणि बाकीची बस आरामात बसून बघत राहावी, हेही खरं नाही. भांडायचंच असेल तर दोघींनी मिळून जास्त जागेसाठी भांडावं.

आता एक अवघड विषय. प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करणाऱ्या बायका आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. कदाचित आपणही त्यातल्याच असू. वाटेत बाथरूमला जायची सोय नसते. धडधाकट बाईची ही तऱ्हा, तर खुर्चीवरच्या बाईचं काय होत असेल? वन्सं लग्नकार्याला जायच्या आधी आदल्या दुपारपासून पाणी तोडायच्या. त्यातून मूतखड्याचा त्रास झाला, दोनदा दवाखान्यात राहाव्या लागल्या. लंडनमध्ये आम्ही गेलो त्या बहुतेक मोठ्या जागी खुर्ची आत जाऊन वळेल एवढी रुंद खोली, कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आणि ओढायला लाल दोरी होती. ती दोरी ओढली की मदतीला माणूस येतो. काही ठिकाणी कुलूप असतं, पण त्याची एकच ठरावीक किल्ली देशभर चालते आणि ती अपंग माणसाच्या स्वतःच्या पर्समध्ये असते. ही योजना तिथं १९८१ सालापासून आहे. आपल्याकडे 'अपंगांसाठी' अशी पाटी असलेल्या शौचालयाला अनेकदा कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो. आत उघडून पाहावं तर झाडू, फिनेल आणि मोडक्या खुर्च्या. पंधरा दिवसांत वन्संनी तहान लागली तेव्हा पाणी प्यायलं. परदेश प्रवासातली ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी मौज.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कायदा आपल्याकडे १९९५ साली आला, अधिक चांगला कायदा २०१६ साली आला. २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू झालं. दिल्लीची मेट्रो २००२ साली सुरू झाली ती लिफ्ट आणि रुळलेल्या पिवळ्या पट्ट्यांसह, कारण अपंग कार्यकर्त्यांनी आधीपासून पाठपुरावा केला होता. प्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २००१ च्या जानेवारीत भारतात आले, मुंबईत आपला वाढदिवसही त्यांनी साजरा केला. त्यांना दिल्लीतली स्मारकं पाहायची होती. तेव्हा जावेद आबिदींसारख्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि कुतुबमिनार, लाल किल्ला अशा ठिकाणी घाईघाईनं लाकडी उतार बसवले गेले. म्हणजे मनात आणलं तर चार दिवसांत होतं. फक्त पाहुणा हॉकिंग असावा लागतो, आमच्या वन्सं असून भागत नाही.

जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या शिक्षिका-कार्यकर्त्या. २०१२ च्या फेब्रुवारीत कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आलं. त्या गप्प बसल्या नाहीत. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आणि राजीव रतुरी यांनी २००५ साली केलेल्या याचिकेवर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं सरकारला बजावलं की, सुगमतेचे नियम 'जमल्यास करावे' अशा शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं नोंदली गेली, त्यात १ कोटी १८ लाख बायका. एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. एवढी माणसं आहेत, मग ती आपल्याला बाजारात, नाट्यगृहात, बसमध्ये दिसत का नाहीत? नसतात म्हणून नव्हे. दाराबाहेर पायरी आहे म्हणून.

आपल्या बसला एवढ्या उंच पायऱ्या का, याचंही कारण आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं बस बांधल्या गेल्या त्या ट्रकच्या सांगाड्यावर. ट्रक मालासाठी असतो, त्याचा तळ उंच. त्यावर बाकं ठोकली की झाली बस. म्हणून तिचा तळ जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर असतो. लंडनच्या बसचा तळ जेमतेम फूटभर उंचीवर असतो. भाड्यात सवलत आपल्याकडे आहे, बायकांना तर २०२३ च्या मार्चपासून महामंडळाच्या गाडीत अर्धं तिकीट आहे आणि त्याचा खूप फायदा झाला आहे. पण गाडीत चढताच येत नसेल तर अर्धं काय नि पाव काय! आणि या उंच पायऱ्यांनी फक्त अपंगच अडतात का? नववा महिना लागलेली सून, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, कडेवर एक आणि बोटाला एक घेतलेली आई, भाजीची पाटी घेतलेली मावशी, सगळ्याच अडतात. आज अपंग नसलेलं प्रत्येक माणूस, आयुष्य लाभलं तर, कधी ना कधी गुडघ्याला हात लावून पायरी चढणारच आहे.

'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग', यावर आपल्याकडे भरपूर चर्चा झाली. मी वन्संना विचारलं, तुम्हाला काय आवडतं? त्या म्हणाल्या, 'मला माझ्या नावानं हाक मारा, आणि बँकेला उतार करा.'

ज्यांच्या घरी असा प्रवास ठरत असेल त्यांच्यासाठी थोड्या कामाच्या गोष्टी. विमानाचं तिकीट काढतानाच खुर्चीची गरज नोंदवा आणि निघायच्या किमान ४८ तास आधी पुन्हा खात्री करा. स्वतःची खुर्ची विमानात विनाशुल्क जाते. देण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी फोटो काढा, सुटणारे भाग काढून पिशवीत घ्या, आणि उतरल्यावर ती विमानाच्या दाराशी हवी असं आधीच सांगा. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार कंपनीला लेखी कळवा. अपंगत्वाचं ओळखपत्र आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवा. तिथं अनेक प्रेक्षणीय स्थळी सोबतच्या माणसाला तिकीट माफ असतं. विमा काढताना आजार लपवू नका, नाहीतर वेळेला पैसे मिळत नाहीत. लंडनमध्ये शक्यतो बसनं फिरा, दुसऱ्या गावी रेल्वेनं जायचं तर मदतीची नोंदणी निदान दोन तास आधी करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मदतनीस आला की प्रश्नांची उत्तरं जिची तिला देऊ द्या.

पण लंडनला जाणाऱ्या कितीजणी? फार थोड्या. म्हणून खरं काम गावातच आहे आणि त्याला व्हिसा लागत नाही. आपल्या महिला मंडळांनी एक दिवस मोजपट्टी घेऊन बाहेर पडावं. बँक, पोस्ट, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, स्टँड, मतदान केंद्राची शाळा. जिथं उतार आहे तिथं तो मोजावा. हिशोब साधा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून कमी असेल तर तो उतार नव्हे, घसरगुंडी आहे. त्याच्या तोंडाशी मोटरसायकली लावल्या असतील तर फोटो काढावा. शौचालयाचं दार तीन फूट रुंद आहे का बघावं, किल्ली कुणाकडे आहे ते विचारावं. सगळं एका कागदावर लिहून, सह्या घेऊन, पोच घेऊन अर्ज द्यावा. कायदा आपल्या बाजूनं आहे, न्यायालय आपल्या बाजूनं आहे, फक्त मागणारं कुणी हवं. आम्ही असा अर्ज दिला. सहा महिने, चार चकरा आणि बऱ्याच टोमण्यांनंतर बँकेला उतार झाला. वन्सं आता महिन्याच्या पाच तारखेला स्वतः पासबुक भरून आणतात. साहेबांना त्यांचे हिशोबाचे प्रश्न जरा जास्तच वाटतात, असं ऐकते.

आणि ज्यांना अर्ज-बिर्ज जमणार नाहीत त्यांनी निदान एवढं करावं. पुढच्या हळदीकुंकवाची, भिशीची, वाढदिवसाची जागा ठरवताना ती तळमजल्यावरची निवडावी, आणि आपल्या आळीत जी कधीच कुठं येत नाही तिच्या घरी आमंत्रणाला स्वतः जावं. 'तुम्हाला त्रास होईल' हे वाक्य मात्र तिथं काढू नये. त्रास होईल की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.